त्या बुधवारी मी लातूरला नव्हते

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे... आणि खरं सांगू? बऱ्याचदा हसते. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. शाळेच्या मागं कुणी उतारा टाकला की तो उचलून फेकायला मीच पुढं. भूतबित, करणीबिरणी – कधीच मानलं नाही. आजही मानते असं नाही. पण ही गोष्ट सांगायची तर मी स्वतः कशी आहे तेही सांगावं लागतं, म्हणून एवढी वर्षं लिहिली नाही.

लातूरला माझ्या सासऱ्यांचं दोन मजली घर होतं. खाली हॉल नि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच होतो. माझा नवरा नोकरीवर नांदेडला. मोठी जाऊ बाळंतपणाला देगलूरला, माहेरी. दीरही तिकडंच. सकाळी वर जाऊन बघतो तर मागच्या खोलीच्या भिंतीत खालून वरपर्यंत तिरका तडा. बोट जाईल एवढा. मामंजींनी गवंडी आणला, तडा बुजवला, रंग दिला आणि पुढं भलंमोठं लोखंडी कपाट लावलं. मला म्हणाले, "कुणाला बोलू नको पोरी. पोरांनाबी नको. घराची किंमत जाईल."

मी बोलले नाही. दोन वर्षांत मामंजी गेले आणि घरात त्या तड्याची माहिती असलेली मी एकटीच उरले.

वाटणी झाली तेव्हा लातूरचं घर कुणाला नको होतं. लोक अंगणात पत्रे टाकून झोपत होते. मिळेल त्या भावाला घर विकून बाहेर पडत होते. मीच हट्ट धरला – आम्हाला नांदेडचा प्लॉट द्या, घर राहू दे त्यांना. आक्कानं, म्हणजे माझ्या मोठ्या जावेनं, घर घेतलं. मला वाटलं, काय हुशार मी!

मग क्लासेस आले. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं डॉक्टर व्हायला लातूरला यायला लागली आणि आक्काच्या मागच्याच गल्लीत एकेक पाटी लागत गेली. वरच्या दोन खोल्यांत तिनं आठ मुली ठेवल्या. आमचा प्लॉट अर्धा रस्त्यात गेला, उरलेला कसाबसा विकला. सणाला लातूरला गेले की आक्का पुरणपोळी वाढायची आणि माझं लक्ष तिच्या हातातल्या नव्या पाटल्यांवर. दीर वारले तेव्हा तिला मिठी मारून रडले मी – खरंच रडले. पण डोळे पुसताना मनात आलं, आता हे एवढं घर हिच्या एकटीचं. लिहिताना लाज वाटते. पण आलं होतं.

भूकंपाला बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. आक्काचा मुलगा दिनेश पुण्यात नोकरीला लागला होता. तिनं घर विकून त्याच्याकडं जायचं ठरवलं. आणि सल्ला कुणाला विचारावा? मला! कारण नात्यात दोन-तीन घरांचे व्यवहार मी मार्गी लावले होते.

मी सगळं नीट सांगितलं. वारसनोंद आधी करून घ्या, कर भरल्याच्या पावत्या एका फाईलीत लावा. शेजारची घरं कितीला गेली ते लोकांच्या तोंडून नका ऐकू, झालेल्या दस्तांवरून काढा. घर सकाळी दहा-अकराला दाखवा, उजेडात. टाकी भरून ठेवा. बोअर उन्हाळ्यात आटत असेल तर आधीच सांगा, गिऱ्हाइकाला मागून कळलं की भरवसा जातो.

हे सगळं खरं होतं. मग किमतीवर आलो.

"किती सांगू गं?" आक्कानं विचारलं.

"चालू भावाच्या दीडपट सांगा," मी म्हणाले. "आणि एक रुपया कमी करू नका. क्लासवाल्या भागात गरज त्यांना आहे, तुम्हाला नाही."

मला चांगलं माहीत होतं, दीडपट सांगितलेलं घर विकलं जात नाही. लोक येतात, चहा पितात, जातात. पुढं वर्षभर रेंगाळलं की लोकच म्हणतात, त्या घरात काहीतरी खोट आहे. तेच व्हायला हवं होतं मला. तड्याचं मात्र तेव्हाही काढलं नाही.

झालंही तसंच. पाच महिने घर पडून होतं. मग एजंट शेखभाईंनी एक गिऱ्हाईक आणलं, हॉस्टेल काढणारं. त्याला म्हणे दीडपटही चालणार होतं. बुधवारी अकराला येणार, असं आक्कानं हरखून फोनवर सांगितलं.

त्या बुधवारी मी नांदेडजवळच्या अर्धापूरला, माझ्या शाळेत होते. मस्टरवर सही आहे. सकाळी घाईत चष्मा पडून त्याची दांडी मोडली होती, ती काळ्या दोऱ्यानं बांधून मी तशीच आले होते. अंगावर मोरपंखी साडी. तिसऱ्या तासाला आठवीचा वर्ग... आणि घड्याळात अकरा वाजलेले दिसले. आता ते वर गेले असतील. मागच्या खोलीत उभे असतील. दीडपट देणार हिला! कुणीतरी ते कपाट दाखवावं त्यांना. म्हणावं, बघा मागं...

हातातली परीक्षानळी भरून बोटांवर ओघळ आला तेव्हा मी भानावर आले. पोरं माझ्याकडं बघत होती. किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन. "सुलू, तू लातूरला आलीस अन् मला न भेटताच गेलीस?"

"मी? आक्का, मी शाळेत होते."

"मग ते लोक कामून तसं सांगून राहिले? वरच्या खोलीत तुमच्या घरातल्या बाई भेटल्या म्हणे. तुझी ती मोरपंखी साडी, चष्मा, त्याला काळा दोरा बांधलेला. म्हणाल्या, कपाटामागं बघितल्याशिवाय घर घेऊ नका. माणूस बिचकला अन् गेला की निघून!"

माझा हात आपोआप चष्म्याकडं गेला. दोरा तसाच होता. त्याचं मी आक्काला सांगितलंच नव्हतं.

"कपाटामागं काय हाय गं, सुलू?"

"काय असणार?" मी म्हणाले. "भिंत."

मी स्वतःला शंभर कारणं दिली. पुढच्या वेळी गिऱ्हाईक यायचं होतं तेव्हा रजा टाकली आणि लातूरला गेले. कुणी बाई सोंग घेऊन येत असेल तर पकडायची, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

गिऱ्हाईक उदगीरचं होतं, शिक्षक जोडपं. बाईंना मुलींसाठी मेस आणि राहायची सोय काढायची होती. मुली क्लासला गेल्या होत्या, वर कुणी नव्हतं. त्याआधी मी स्वतः दोन्ही खोल्या बघून आले होते. मी, आक्का आणि शेखभाई हॉलमध्ये बसलो. जिना आमच्या समोर. ते दोघं वर गेले. मी मुद्दाम आक्काला चिकटून बसले. पण मनाला कसं धरून बसवणार? त्या बाई आल्या आल्याच म्हणाल्या होत्या, "किती छान उजेड आहे हो घरात." तेवढ्यानंही पोटात जळलं माझ्या.

दहा मिनिटांनी ते खाली यायला लागले. अर्ध्या जिन्यात बाईंनी मला पाहिलं आणि कठडा धरला.

"तुम्ही... तुम्ही आत्ता वर होतात ना?"

"कोण, ह्या?" शेखभाई म्हणाले. "ह्या तर कवापासून इथंच चहा पिऊन राहिल्या, मॅडम."

"अहो, आत्ता बोलले मी यांच्याशी! यांनीच कपाट..."

मी धावत वर गेले. मामंजींनी ते कपाट लावलं तेव्हा तीन गडी लागले होते. ते भिंतीपासून हातभर सरकलेलं होतं. फरशीवर ओढल्याची रेघ नाही, खाली आवाज नाही. मागच्या भिंतीवर गिलावा फुगून पडला होता आणि तडा उघडा होता. आता दोन बोटं जातील एवढा.

आक्का माझ्या मागं येऊन उभी राहिली. शेखभाई उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते.

"तुला माहीत होतं?" आक्कानं विचारलं. हळू.

"हाव."

"कवापासून?"

"भूकंपापासून."

तिनं पोरींच्या गाद्यांकडं बघितलं. भिंतीला लावून चार गाद्या होत्या. "माझा दिन्या ह्याच भिंतीला टेकून दहावीचा अभ्यास करायचा, सुलू... अन् ह्या परक्याच्या लेकी झोपतात इथं."

मग मी सगळं बोलले, त्या उदगीरच्या लोकांसमोरच. तडा, मामंजी, दीडपट किंमत, ती का सांगायला लावली तेसुद्धा. थांबताच येईना. आक्का वाकून भिंतीजवळच्या गाद्या गुंडाळायला लागली.  

त्याच दिवशी तिनं मुलींना खाली हलवलं. इंजिनियर आला. म्हणाला, एक-दोन पावसाळे, त्यापुढं ह्या भिंतीचं काही सांगता येत नाही. दुरुस्तीचा खर्च वजा करून, रास्त किमतीत, त्याच जोडप्यानं घर घेतलं. आक्का पुण्याला गेली. दिवाळीला तिचा फोन येतो, तब्येत विचारते. सल्ला आता मला विचारत नाही.

नवरा म्हणतो, मामंजींच्या आत्म्यानंच हे केलं. नणंद म्हणते, देव आला तुझ्या रूपात, आठ लेकी वाचल्या. माझ्याबरोबरची एक शिक्षिका म्हणाली, लोकांना भास होतात. मग चष्म्याचा दोरा? मग ते कपाट? मला यातलं एकही पटत नाही.

देवाचं पटावं असं फार वाटायचं मला. म्हणून खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात त्या उदगीरच्या बाईंना बाजूला घेतलं. विचारलं, "वर जी दिसली... तिचा चेहरा कसा होता हो? काळजीत होती का?"

बाईंनी आधी माझ्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं.

"न्हाई ताई," मग त्या म्हणाल्या. "हसत होत्या. लई खूश होत्या."