जाऊन बघणारे काका

काका कधी बसत नसत. मीटिंगमध्ये सगळे खुर्च्यांवर, काका खिडकीशी. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सवर जेवतानाही बशी हातात घेऊन उभे. आमच्या टीममधली मेलिंग सिंगापुरी हेल काढून म्हणायची, "अंकलला खुर्ची चावते, लाह!" काका हसायचे आणि आणखी एक फेरी मारून यायचे.

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात आम्ही जुन्या संगणक प्रणाली बंद करायचो. काका प्रमुख, मी नियोजनाला. यादी करावी, एकेक ओळ हिरवी करावी, सगळ्या हिरव्या झाल्या की घरी जावं, ही माझी रीत. काकांचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. "बटण कोणीही दाबतं गं. बंद केल्यावर जाऊन बघायचं असतं."

हे खूळ त्यांनी स्कॉटलंडहून आणलं होतं. ज्या वर्षी तिथल्या टीव्हीचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण भागाभागाने बंद होऊन डिजिटल येत होतं, त्या वर्षी काका एका कंत्राटदाराकडे इंजिनियर होते. डोंगरमाथ्यावरचे मनोरे, कानात शिरणारा वारा, रस्ता अडवून बसलेल्या मेंढ्या, बेटांवर नेणाऱ्या बोटी. एक मनोरा उरकला की पुढचा. डोंगराआडच्या एका वस्तीतून तक्रारच आली नाही म्हणून वरचे साहेब खूश होते. काकांना नेमकं तेच खटकलं. ते गेले, तर एक म्हातारी टीव्हीसमोर बसलेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"कळवलं का नाहीत?"

"वाटलं, सगळ्यांचंच गेलं असेल. कुणी केलं हे?"

"मीच."

"मग आधी चहा घे. बोलणी नंतर खा."

चहा झाला, बोलणीही झाली. काकांनी गाडीतून डिजिटल बॉक्स आणून जोडला, छपरावरचा अँटेना फिरवला आणि वरूनच ओरडून विचारलं, "चित्र येतंय का?" तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या तोंडी बसला आणि ते स्वतः बसेनासे झाले.

शाखांसाठीची एक प्रणाली आम्ही बंद केली तेव्हा माझी यादी वरपासून खालपर्यंत हिरवी होती. तरी काकांनी मला एमआरटी मेट्रोत घालून बिशानच्या शाखेत नेलं. निवृत्तीला आलेल्या एक आंटी काउंटरवर होत्या. नवा स्क्रीन त्यांना उघडताच येत नव्हता. त्या ग्राहकांची माहिती कागदावर उतरवत होत्या आणि सगळ्यांकडे बघून हसत होत्या. तक्रार केली तर म्हातारी झाली म्हणतील, ही भीती. काका त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. "आंटी, पिक्चर आलं का?" आंटींचे डोळेच भरून आले.

शेवटची प्रणाली बंद झाली की काकांचं पद संपणार होतं आणि त्याबरोबर सिंगापुरात राहण्याचा पासही. हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. काकू गेल्यापासून त्यांना कामाशिवाय दुसरं काही नव्हतं. मी एकदा म्हटलं, "काका, जरा रमतगमत करू या की. कोण विचारतंय?"

"रमतगमत बंद केलं तर लोकांना मुंग्या जास्त दिवस बघाव्या लागतात," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेले.

शेवटची प्रणाली ठरल्या तारखेला बंद झाली. एकही तक्रार नाही. केक कापला, फोटो काढले, काकांनी उभ्या उभ्याच सगळ्यांचा निरोप घेतला. मी यादीतली शेवटची ओळ हिरवी करून घरी आले, पण चैन पडेना. कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. एकही तक्रार नाही, हेच सारखं डोक्यात घोळत होतं.

सकाळी उठून क्वीन्सटाउनला त्यांच्या फ्लॅटवर गेले. दार उघडंच होतं. खोकी भरून, दोरीने बांधून ओळीने ठेवलेली. आणि त्यातल्याच एका खोक्यावर, हात मांडीवर ठेवून, काका बसले होते.

"काका," मी दारातूनच विचारलं, "चित्र येतंय का?"

त्यांनी वर पाहिलं. "नाही गं," ते म्हणाले. "नुसत्या मुंग्या."

मी चपला काढल्या, एका खोक्याची दोरी सोडून पातेलं बाहेर काढलं आणि आधी चहा टाकला.