आरसेवाल्याच्या जिभेची नळी

दिवसभर आरशांत वावरणारा माणूस स्वतःच्या रूपावर लट्टू असणार, असं कुणालाही वाटेल. हा आरसेवाला मात्र स्वतःचं तोंड तरी ओळखत होता की नाही, अशी शंका यावी. आरशात तो बघायचा ते मागचा पारा कुठे उडालाय का, काचेत बुडबुडा राहिलाय का, कड सरळ आली का, एवढंच. मधेमधे येणारा तो जाड भुवयांचा निबर चेहरा त्याच्या लेखी अडगळ होती. काच कापायची हिरकणी फिरवली की कर्र असा एकच आवाज यायचा, मग टेबलाच्या कडेवर हलकेच दाबलं की काच मुकाट्याने दोन व्हायची. बोलणंही त्याचं तसंच, मापात कापलेलं. दुकानाच्या मागच्या भागात बसून चौकटी ठोकणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या भागीदाराने त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं आणि ते गल्लीभर झालं होतं.

हा घुम्या चाळिशी उलटल्यावर "लग्न करतोय" म्हणाला, तेव्हा भागीदाराची हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली.

जमलं ते असं. इस्त्रीच्या दुकानात काम करणारी एक बाई एकदा फोटोची तडकलेली काच बदलायला आली. फोटोत ती, तिचा नवरा आणि त्याच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. तिघांनीही जिभा बाहेर काढलेल्या, आणि तिन्ही जिभा दोन्ही कडांनी वर वळून नळीसारख्या गोल झालेल्या. त्यातला नवरा नंतर आजारपणात गेला होता. आरसेवाल्याने नवी काच बसवली, गरज नसताना चारदा पुसली आणि म्हणाला, "फोटो छान आहे." त्याच्या मानाने हे भाषणच झालं. बाईच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण पुढे तिच्याकडच्या बऱ्याच काचा तडकायला लागल्या.

लग्न झाल्यावर तो तिच्या दोन खोल्यांत राहायला गेला. फोटो तिथेच होता, स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच्या भिंतीवर. त्याला त्याचं काही वाटलं नाही. काच त्यानेच तर बसवली होती. वाटायचं ते मुलीचं. पोरगी आता दुसरीत होती आणि त्याला काका म्हणायची. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही की उलट उत्तर दिलं नाही. तो कामावरून आला की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून आणायची आणि तो पिऊन होईपर्यंत शेजारी उभी राहायची. आईला मात्र ओरडून सांगायची, "आई, पाणी तुझं तू घे, माझं चित्र चाललंय!" ते ऐकलं की आरसेवाल्याला हातातला पेला जड व्हायचा. पाहुण्यांशी माणसं असंच वागतात, एवढं त्याला कळत होतं.

एके दिवशी जेवताना मायलेकींना कशावरून तरी हसू फुटलं आणि पोरीने जिभेची नळी करून आईला दाखवली. आईनेही केली. दोघी नळ्यांमधून एकमेकींवर फुंकर मारत बसल्या. आरसेवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानेही जीभ बाहेर काढली. ती पाट टाकल्यासारखी सपाट बाहेर आली आणि सपाटच राहिली. त्याने जोर लावला तर भुवया वर गेल्या, कान हलले, जीभ काही हलली नाही.

पोरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग अगदी समजुतीने म्हणाली, "राहू दे, काका. सगळ्यांना नाही येत. आमच्या घरात येतं."

बायकोने झटकन तिच्याकडे पाहिलं. पण पोरीच्या मनात काही नव्हतं. तिने खरं तेच सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते आरसेवाल्याला लागलं. त्या घरात तो झोपत होता, जेवत होता, तिथला गळका नळही त्यानेच दुरुस्त केला होता. तरी ते घर 'आमचं' होतं आणि त्या 'आमचं'मध्ये तो नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने पोरीला बाहुली आणून दिली असती, फिरायला नेलं असतं, तिच्याशी गोडगोड बोलला असता. याला यातलं काही जमण्यासारखं नव्हतं. त्याने ठरवलं, नळी करायची.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच, तो आरशासमोर स्वतःला बघायला उभा राहिला. बरीच वर्षं न भेटलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसा त्याने त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. जिभेला हाड नसतं हे खरं असेल, तर ही जीभ कुठल्या लाकडाची होती देव जाणे! पण काचेचा माणूस चिकट असतो. घाई केली की काच हातात तडकते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्याने कोपऱ्यावरच्या टपरीवरून शीतपेय प्यायची नळी आणली, ती जिभेच्या मधोमध ठेवली आणि दोन्ही कडा बोटांनी वर धरून तिच्याभोवती दाबल्या. मग शीळ घालायला करतात तसा ओठांचा चंबू केला आणि बोटं सोडली. कडा लगेच पडल्या. पुन्हा धरल्या, पुन्हा पडल्या. आरशावर लाळेचे थेंब उडायचे ते फडक्याने पुसायचे आणि पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत जबडा असा दुखायचा, की घरी भाकरी सोडून तो नुसतं कालवण भात गिळायचा.

"घुम्या, डॉक्टरकडे जा रे बाबा," भागीदार मागून म्हणायचा. "बोलत नव्हतास तेच बरं होतं."

बायकोला सगळं आधीच कळलं होतं. शर्टाला इस्त्री करताना खिशात चावलेली नळी सापडली होती. तिने ती फेकली नाही. धुऊन पुसून परत त्याच खिशात ठेवली आणि एका शब्दाने विचारलं नाही. नवऱ्याचा तिला किती अभिमान वाटला, हे तिने त्यालाही सांगितलं नाही. घुम्याच्या संसारात राहून तीही थोडी घुमी झाली होती.

हळूहळू डावी कड ऐकायला लागली. मग उजवी. दोन्ही एकदम मात्र उठत नव्हत्या. आणि एका सकाळी, बोटं न लावता, त्या दोन्ही क्षणभर वर आल्या. आरसेवाला हरखला. आणखी एकदा, आणखी एकदा, असं करत जीभ पार बाहेर काढून, डोळे वटारून तो आरशाला जवळजवळ चिकटला. एवढ्या नादात तो एक गोष्ट विसरला: आरशांच्या दुकानात पाठमोऱ्या माणसाचं तोंडही लपत नाही. दारातून आत आलेल्या बाईंना समोर, बाजूला, कपाटाच्या दारावर, जिकडे बघावं तिकडे तोच डोळे वटारलेला माणूस आणि तीच जीभ दिसली.

"शोभतं का हे या वयात?" बाई कडाडल्या. आणि हातातला मापाचा कागद पर्समध्ये कोंबून चालत्या झाल्या.

"गिऱ्हाईक गेलं," भागीदाराने मागून बातमी दिली.

त्या बाई कोण, हे आरसेवाल्याला कळलं ते शनिवारी. त्या दिवशी बायको कामावरून उशिरा सुटणार होती, म्हणून पोरीला शाळेतून आणायचं काम पहिल्यांदाच त्याच्याकडे आलं होतं. फाटकात पालकांची गर्दी होती. पोरगी वर्गबाईंचा हात सोडून त्याच्याकडे यायला निघाली, आणि त्या बाईंनी त्याला पाहिलं. त्यांनी पोरीला तिथेच थांबवलं.

"हे कोण तुझे?" त्यांनी विचारलं.

आरसेवाला दोन पावलं मागे सरकला. 

"का, बाई?" पोरगी म्हणाली.

"का म्हणजे? मी आरसा करायला गेले तर या गृहस्थांनी मला जीभ काढून वेडावून दाखवलं. भर दुकानात! अशा माणसाबरोबर मी तुला कशी पाठवू?"

सगळे वळून बघायला लागले. वर्गातली चार पोरं तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसली.  आरसेवाल्यावरून आता शाळाभर पोरीची चेष्टा होणार होती. तिने नुसतं "आईच्या ओळखीचे आहेत" म्हटलं असतं तरी ती सुटली असती, आणि त्याने तिला दोष दिला नसता.

पोरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या लाल झालेल्या कानांकडे, मग शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या चावलेल्या नळीकडे.

"काका, तुम्ही नळी करत होतात?"

त्याने मान हलवली.

पोरगी बाईंकडे वळली. "बाई, ते वेडावत नव्हते. ते जिभेची नळी करत होते. आमच्या घरात सगळ्यांना येते. मला येते, आईला येते, माझ्या बाबांना येत होती. आणि यांना पण येते." मग त्याच्याकडे बघून हुकूम सोडला, "काका, दाखवा!"

आता आली का पंचाईत! यांना येते, हे तिने बेधडक ठोकून दिलं होतं आणि त्याला ती एकदाच, क्षणभर आली होती. नाही आली तर पोरगी शाळेच्या फाटकात खोटी पडणार. शिवाय समोर आरसा नव्हता. आरशाशिवाय त्याने कधी केलीच नव्हती. त्याने डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि जीभ बाहेर काढली. कडा उठल्यासारखं वाटलं. पण असं तर त्याला रोजच वाटायचं. आली की नाही ते कळायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्याने डोळे उघडले आणि पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

पोरीचा आ वासलेला होता. मग ती जागच्या जागी उड्या मारायला लागली. "आली! बघा बाई, आली! केवढी गोल!"

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. हसणारी पोरं हसायची थांबून स्वतःच्या जिभा ओढायला लागली. बाईंचा राग कधी ओसरला ते त्यांनाही कळलं नसेल, कारण चष्मा सावरून त्या त्याच्या जिभेकडे वाकून बघत होत्या. मग इकडेतिकडे पाहून, पर्स तोंडासमोर आडवी धरून, त्यांनीही गुपचूप जीभ बाहेर काढली. सपाट. त्यांनी जोर लावला. भुवया वर गेल्या, चष्मा खाली आला.

पोरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग आरसेवाल्याचं बोट घट्ट धरलं आणि अगदी समजुतीने म्हणाली, "राहू द्या, बाई. सगळ्यांना नाही येत. आमच्या घरात येतं."

आरसेवाल्याची छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण तटतटलं. बाईंनी हसत पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला आणि आरशाचं माप वाचून दाखवलं. मान हलवून एकदाच माप ऐकणाऱ्या घुम्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला म्हटलं, "पुन्हा एकदा सांगता का?"