मास्तरांनी तपासलेली यादी

मास्तर पान वाचायचे नाहीत, हुंगायचे. कागद नाकापासून दोन बोटांवर धरायचे, लाल पेन्सिल उचलायचे आणि म्हणायचे, "थांब. मशीन चालू करू नकोस." फणसवाडीतल्या आमच्या छापखान्यात हे वाक्य ऐकून मशीन आपणहून बंद पडायचं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. एका लग्नपत्रिकेवर त्यांनी एवढं लाल ओतलं की वधूपिता मटकन खालीच बसला. त्याला वाटलं, मुलाकडच्यांनी लग्न मोडलं.

प्रूफं तपासणारे तुम्हीही पाहिले असतील. पण सत्तरी ओलांडल्यावर लालबागहून रोज चालत, वाटेतल्या दुकानदारांना पाट्यांवरच्या चुका सांगत येणारा हा एकच.

एके दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आपल्या कॉम्प्युटरला मराठी शब्दांची यादी भरव. नेटवर असते. चुका तोच पकडेल. महिनाअखेर यादी चालू झाली की मास्तरांना आराम."

आराम म्हणजे काय, ते मला कळलं. बाहेर आलो तर मास्तरांनाही कळलेलं. केबिनची भिंत प्लायवूडची.

"शोध," खुर्ची माझ्याशेजारी ओढत ते म्हणाले. "मीपण बघतो."

पहिल्या यादीने पासवर्ड मागितला. दुसरी म्हणजे पुस्तकाच्या पानांचे फोटो. तिसरी कुठल्या तरी जुन्या फॉन्टमधली, उघडली तर नुसते चौकोन. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो. चौथी मात्र उतरली. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक शब्द, अर्थबिर्थ काही नाही. वीसेक हजार शब्द. माझे पेढे संपले.

मास्तरांनी स्क्रीनला नाक लावलं. "थांब. ही कुणी तपासलेली नाही. प्रिंट काढ."

तीन आठवडे ते यादी तपासत होते. दुरुस्त्या मी कॉम्प्युटरवर करायचो. मधेच त्यांच्यातला मालवणी उसळायचा, "अरे, ह्येच्यात मुडदुशी नाय, तारली नाय! ह्यो माणूस जेवता तरी काय?" आणि समासात अख्खा मासळीबाजार उतरायचा. मी हसायचो, पण शेठ रोज दारातून विचारायचे, "किती राहिली?" आणि मास्तर प्रामाणिकपणे आकडा सांगायचे. तो रोज कमी होत होता.

शेवटच्या गठ्ठ्यातल्या पाच पानांच्या दुरुस्त्या मी मुद्दाम केल्या नाहीत. विसरलो ते एवढंच, की मास्तर दुसरं प्रूफ मागणारच. सांगितलेली दुरुस्ती झाली की नाही हे ताडून बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर सही केली नव्हती. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून त्यांचं बोट खाली सरकू लागलं. डोक्यावर पंखा असून मला एवढा घाम फुटला की गिरगाव चौपाटीचं पाणी दोन पावलं पुढे सरकलं असतं.

बोट थांबलं.

"ही पाच पानं तशीच आहेत."

"असू देत ना, मास्तर. यादी फसली तर शेठ तुम्हालाच ठेवतील."

ते माझ्याकडे वळले. आता कानाखाली बसते, असं मला वाटलं.

"घरी बसून माझं काय होणार, ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून माझ्या हाताखालून चुकीचं बाहेर जाऊ देऊ? कर दुरुस्त."

मी केलं. त्यांनी पुन्हा ताडलं आणि सही केली.

एक तारखेला शंभर पानांचा एक अंक यादीने चहा यायच्या आत तपासला. शेठ खूश. दुपारपर्यंत मास्तरांच्या टेबलावर कुरिअरची खोकी आली. मी जिन्यात जाऊन त्यांच्या घरी फोन लावला.

"चालली?"

"चालली, मास्तर."

"कुठे अडली?"

"कुठेच नाही."

त्यांच्या घरचा कुकर शिट्टी देत होता.

"बरं झालं," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "त्या अंकाची एक प्रिंट पाठव रे घरी. तशी गरज नाही. आपलं बघायला."