सातासमुद्रापारचे वाडगे

त्याला सगळे भोवरा म्हणत. एक तर तो कातारी, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोलाई देणारा. आणि दुसरं म्हणजे बोलतानाही त्याचा पाय एका जागी ठरत नसे. खाटांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, दारांच्या मुठी अशी त्याची कामं. गावातले सुतार पिढ्यानपिढ्या त्याच्याच घरी यायचे. पोटापुरतं मिळत होतं.

त्याच्या डोक्यात परदेशाचं खूळ भरवलं मेहुण्याने. हा बायकोचा धाकटा भाऊ. बऱ्याच धंद्यांत हात पोळून घेतलेला, पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं स्वारी आत्ताच विमानातून उतरली.

"दाजी, तुमच्या हातात कला आहे आणि तुम्ही खाटांचे पाय कातताय," तो म्हणाला. "हेच लाकूड वाडगा होऊन समुद्रापार गेलं, तर लोक दिवाणखान्यात मांडून ठेवतील."

औषधाच्या दुकानावरच्या खोलीत परदेशी व्यापाराचा क्लास चालायचा. दोघांनी नाव घातलं. मास्तर शांत, चष्मेवाले गृहस्थ. माल कसा बांधायचा, कोणते दाखले लागतात, परक्या देशातला व्यापारी कसा शोधायचा, सगळं नीट समजावून सांगत. एकदा ते म्हणाले, "गिऱ्हाईक दूरचं असलं तरी गिऱ्हाईकच असतं. जे जमणार नाही, ते आधी सांगा." भोवऱ्याने मान डोलावली. त्या वेळी त्याला न जमण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

थोरली मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. तिने खिडकीतल्या उजेडात वाडग्यांचे फोटो काढले आणि परदेशातल्या दुकानांना मेल पाठवायला सुरुवात केली. कुठूनच उत्तर येईना. बाप रोज दारातूनच विचारी, "कुणी काही म्हणालं?" आणि ती मान हलवी. शेवटी एका बाईने लिहिलं. तिचं छोटंसं दुकान होतं, घरात मांडायच्या वस्तूंचं. तिने थोडे वाडगे मागवले.

माळ्यावर भोवऱ्याच्या वडिलांनी रचून ठेवलेले ओंडके होते. वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड. टिचकी मारली की टणटण वाजायचं. त्यातून त्याने ते वाडगे कातले. कडा इतक्या पातळ, की बायको म्हणाली, "यात फुंकर ठेवली तरी दिसेल." माल गेला, पोचला आणि बाईने तिच्या दुकानाच्या काचेतला फोटो पाठवला. भोवरा तो फोटो घेऊन सुताराकडे गेला, चहावाल्याकडे गेला, ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्या शेजाऱ्याकडेही गेला.

मग मोठी मागणी आली. इतकी मोठी, की मेहुण्याने बहिणीला उचलून गोल फिरवलं. थंडीच्या सुरुवातीला माल तिकडे हवा होता. कर्ज काढून शेजारची जागा घेतली, दुसरा लेथ बसला, कातायला आणखी दोन माणसं ठेवली. सुतार आले की भोवरा हात जोडी, "सध्या जमणार नाही हो." एकदा, दोनदा ऐकलं त्यांनी. मग येणं थांबलं.

आणि माळा रिकामा झाला.

वखारीतून लाकूड आलं ते ओलं. हाताला गार लागत होतं. कातताना भुसा उडायच्या ऐवजी पटाशीला चिकटत होता. पोरवयापासून लाकडात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे मुरायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"दाजी, वेळ कुठाय? शेकोटीजवळ ठेवू, वरून पॉलिश मारू. कुणाला कळतंय?"

"तिला कळवा ना," बायको म्हणाली. "माल उशिरा येईल म्हणून. फार तर नाही म्हणेल."

"नाही म्हणाली तर?" मेहुण्याने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर तिघांनाही माहीत होतं. शेजारची जागा, लेथ, दोन माणसं, तुटलेले सुतार. भोवऱ्याने एक वाडगा उचलून बोटाने काठ चाचपला. मग म्हणाला, "मारा पॉलिश."

माल वेळेवर गेला. बाईने कौतुकही केलं. थंडी वाढली, तिकडच्या घरांतून हीटरची उष्ण, कोरडी हवा खेळू लागली आणि वाडग्यांनी अंग आक्रसायला सुरुवात केली. पहिल्या फोटोत एक बारीक चीर होती. नंतरच्या फोटोंत काठापासून बुडापर्यंत उकललेले वाडगे. लोक ते परत आणून देत होते. मुलगी बापाला मेल वाचून दाखवत होती.

बाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच लिहिलं होतं, की लाकूड ओलं आहे हे सांगितलं असतं तर मी थांबले असते.

"मी थांबले असते," भोवऱ्याने ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्याने माफी मागितली, लाकूड मुरलं की फुकट माल पाठवतो म्हणून कळवलं. उत्तर आलं नाही. मुलीने पुन्हा नव्या दुकानांना मेल पाठवले. पण आता वाडगे मागायला कुणी आलं असतं, तरी कातायला मुरलेलं लाकूड नव्हतं. सुतारांनी तोवर मशीनवरचे तयार पाय आणि खांब घ्यायला सुरुवात केली होती. ओळखीचा एक सुतार रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुझ्याकडे यायचं मनात होतं रे, पण तू मोठा माणूस झालास." तो टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

मेहुणा दुसऱ्या शहरात गेला, म्हणे तिथे काहीतरी नवीन सुरू करतोय. कर्ज फेडायला दोन्ही लेथ विकले. मुलगी एका मोठ्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायला लागली. आठवड्यातून एकदा फोन करते, लवकर ठेवते.

भोवरा आता फर्निचरच्या कारखान्यात कपाटांना बिजागऱ्या बसवतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असतात ती. आत ना रेघ, ना वास.

परवा बायको म्हणाली, "थोडे ओंडके आणून माळ्यावर टाकू या का? मुरतील आपले."

"मुरतील ना," तो म्हणाला. "पण तोवर मी कुठे टिकतोय?"

ती हसली नाही. त्याने ताट सरकवलं, हात धुतले आणि सकाळच्या पाळीला जायचं म्हणून लवकर आडवा झाला.