हा शेवटचा फोटो

माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो मी मेलो तेव्हाचा आहे.

आमच्या शाळेतल्या मित्रांचा वाईला मेळावा ठरला होता आणि प्रत्येकानं आपला ताजा फोटो ग्रुपवर टाकायचा होता. माझे दोन फोटो मित्रांनी परत पाठवले. पहिल्यात नाकपुड्याच दिसत होत्या. दुसरा बघून एकानं विचारलं, "तात्या, ह्यो आधारकार्डाचा हाय का रं?"

मग मी सेल्फी काढायचं शिक्षण देणारा एक व्हिडिओ बघितला. त्यातली मुलगी सांगत होती, उजेड तोंडावर घ्या, मोबाईल वर धरा, हनुवटीखालची घडी लपवायची असेल तर सरळ आडवे व्हा. (माझ्या हनुवटीखाली एक नाही, तीन आहेत.)

सगळ्यात चांगला उजेड आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येतो. तिथल्या कॉटवर सुमननं, म्हणजे बायकोनं, धुतलेली पांढरी चादर अंथरून दसऱ्याच्या माळांसाठी झेंडू पसरून ठेवला होता आणि ती उंब्रजला बाजाराला गेली होती. मी फुलं जरा बाजूला सारली, चष्मा काढला आणि आडवा झालो.

डोळे उघडे ठेवले की मी सुई टोचून घेताना दिसतो तसा दिसायचो. शेवटी उन्हानं डोळे मिटले आणि त्याच वेळी बोट दाबलं गेलं. चष्मा लावून बघितलं तर काय सांगू, तिन्ही घड्या गायब. कपाळावर आठी नाही, उशाला झेंडू, चेहऱ्यावर अशी शांतता की मलाच माझ्याविषयी आदर वाटला. आणखी एक काढून बघावा म्हणून चष्मा पुन्हा काढला, पण तेवढ्यात शेजारच्यानं रस्त्यावरून हाक दिली, "तात्या, लाईट आली, मोटार चालू करा." मी घाईत तसाच, बिनचष्म्याचा, तोच फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'हा शेवटचा फोटो.' मोबाईलची बॅटरी संपत आली होती. तो चार्जिंगला लावला, घराला कुलूप घातलं आणि उसाला पाणी द्यायला गेलो.

फोटो मित्रांच्या ग्रुपवर गेलाच नव्हता. तो गेला होता घरच्या ग्रुपवर.

पाणी देऊन, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन तीन-चार तासांनी परत आलो तर दारात माणसं. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. मागच्या बाजूला आमच्याच आळीतला शंकर पाठमोरा उभा होता. त्याला हळूच विचारलं, "कोन गेलं रं?"

"तात्या," तो मान न वळवता म्हणाला.

"कंचा तात्या?"

"आपलाच की. लय चांगला मानूस."

(खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. शंकर हे एरवी कधी बोलला नव्हता.)

"मग मैत कुठाय?"

"कऱ्हाडला दवाखान्यात असंल. घराला कुलूप हाय, फोन कुनी उचलंना. फोटो तेवढा आलाय," असं म्हणत तो वळला. माझ्याकडं बघितलं आणि मटकन खालीच बसला.

तेवढ्यात आक्कानं मला बघितलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती फोटो बघून वडूजहून जीप करून, वाटभर रडत आली होती. ती उठली, माझ्यापाशी आली, माझ्या गालाला हात लावून बघितला. मला वाटलं, आता गळ्यात पडणार.

"मुडद्या," ती म्हणाली, "जित्ता हायस व्हय?" आणि पायातली चप्पल काढली.

चपलेपासून सुटतोय तोवर कुणीतरी फोन माझ्या कानाला लावला. आमचा मुलगा संदीप फौजेत आहे, सरहद्दीवर. त्यानं रडत साहेबांकडं रजा मागितली होती आणि साहेबांनी ती लगेच दिली होती. माझा आवाज ऐकून त्यानं आधी नाक शिंकरलं. मग म्हणाला, "तात्या, आता सायबास्नी काय सांगू?"

"सांग, वडलांस्नी आता बरं वाटतंय म्हनून."

"मेलेल्या मानसाला?"

"मग ये की दसऱ्याला," एवढंच म्हणालो. तो हसला का रडला, कळलं नाही, पण फोन ठेवताना "औषधं घेताय न्हवं?" असं त्यानं दोनदा विचारलं. मला डोळे पुसावे लागले.

सुमन बाजाराची पिशवी घेऊन आली. दारातली गर्दी बघून पांढरीफटक पडली, मग चिखलानं माखलेला मी दिसलो. तिला फोटो दाखवला. तिनं तो नीट निरखला आणि ती म्हणाली, "आवं, धुतलेल्या चादरीवर लोळला व्हय तुमी?"

आलेल्या सगळ्यांना चहा करावा लागला. दुखवट्याला आलेली माणसं पोहे खाऊन गेली. शंकर जाताना माझ्याकडं जरा रागानंच बघत होता, चांगलं बोललेलं वाया गेलं म्हणून.

संध्याकाळी आक्का शांत झाली. तिनं मोबाईल हातात घेतला, फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला.

"पर एक सांगू?" ती म्हणाली. "आलाय लय झ्याक. पुसू नगंस. मोठा करून घे. कवा ना कवा लागंलच."

माझ्या कलेला आजवर मिळालेली दाद तेवढीच.