उरण फाट्यावरची कोंडी

सयाजी शेडग्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द, नको. पाणी हवं असलं तरी नको, पंखा लावायचा असला तरी नको. "त्यांना कळतं सगळं," डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला समजावलं होतं, "फक्त तोंडातून एवढाच शब्द निघतो." रंगूबाईंना ते पटलं होतं. पण डोळे उघडल्यापासून घरात तोच एक शब्द ऐकायचा, हे डॉक्टरांना कुठं करावं लागत होतं?

सयाजी साताऱ्याकडचे. वाशीच्या भाजी मार्केटातून माल नेणारा टेम्पो त्यांनी उभी हयात चालवला, आणि उतारवयात जुनी लाल गाडी घेतली. त्या गाडीच्या स्टेअरिंगला त्यांनी रंगूबाईंना कधी हात लावू दिला नाही. आता त्यांना व्यायामासाठी खारघरला न्यायचं म्हणून त्या या वयात गाडी शिकल्या. सानपाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून बाहेर पडणं म्हणजे तेवढंच. आणि तेही नवऱ्याला शेजारी बसवून, पट्ट्यानं बांधून.

मे महिन्यातल्या त्या दुपारी खारघरहून परत येताना उरण फाट्याच्या अलीकडे वाहनं थांबली. पुढं कुठंतरी ट्रेलर कलंडला होता. गाडीच्या डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मागं बस. दार उघडलं तर जेमतेम अंग बाहेर निघेल एवढीच जागा. थोड्याच वेळात एसीतून कोमट हवा यायला लागली, आणि रंगूबाईंचं लक्ष काट्याकडे गेलं. एरवी मधोमध असणारा इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता.

"आवं, हे काय झालं?" त्या म्हणाल्या.

सयाजींनी डावा हात लांबवला आणि एसीचं बटण फिरवून हीटर लावला. गरम झोत तोंडावर आला.

"येड लागलं का तुमास्नी? भाजून मरायचंय का?" रंगूबाईंनी बटण मागं फिरवलं.

"नको!" सयाजींनी ते पुन्हा लाल खुणेवर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं.

घामानं दोघं निथळत होते. बाहेरून डिझेलचा धूर, आतून हीटर. अशा वेळी रंगूबाईंच्या मनात आलं, की उतरावं, दोन कंटेनरच्या मधून वाट काढावी आणि चालत सुटावं. कुठं ते ठरवायचंच नाही. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेलासुद्धा. पण तेवढ्यात त्यांना दिसलं, काटा जरा खाली आला होता. इंजिनातली धग हीटर आपल्या अंगावर ओढून घेत होता.

ते फार टिकलं नाही. गाड्या हलेनात, काटा पुन्हा चढला आणि जळका वास आला. रंगूबाईंनी इंजिन बंद केलं, कशाबशा बाहेर पडल्या आणि बॉनेट उघडलं. शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर, कुलदीप नावाचा, पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरला.

"ताई, झाकण खोला रेडिएटरचं. पानी ओततो, लगेच थंडी होईल."

आतून सयाजी ओरडले, "नको! नको!"

"ते सगळ्यालाच नको म्हणत्यात," रंगूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर हाताला गुंडाळला. पण सयाजी काचेवर हात आपटत होते. असा आवाज त्यांनी झटक्यानंतर कधी काढला नव्हता. रंगूबाईंनी हात मागं घेतला.

"थांबा दादा. ह्या वेळेला ते खरंच नको म्हणत्यात."

कुलदीप रेडिएटरशी वाकला, वाफेची धग लागताच चटकन मागं झाला. "बरोबर हाय. उकळतं पानी तोंडावर आलं असतं."

रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत पाणी पुरेसं दिसत होतं. मग बिघाड कुठं? रंगूबाईंना आठवलं, गाडी उभी असली की पुढून पंख्याची घरघर ऐकू यायची. आज ती आलीच नव्हती. त्यांनी खिडकीतून विचारलं, "पंखा बंद हाय का?"

सयाजींनी होकारार्थी मान हलवली आणि वळून, डावा हात ताणून हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा.

"आता हॉर्न कशाला? कोन हटनार हाय हितं?" रंगूबाईंचा आवाज फाटला. "आयुष्यभर माझ्यावर तुमी असंच..." त्या रडायलाच लागल्या. सयाजींचा हात खाली पडला. मग त्यांनी त्याच हातानं हवेत एक चौकोन काढला.

कुलदीपलाच ते आधी समजलं. त्यानं बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीचं झाकण काढून आणलं. त्याच्या आतल्या बाजूला चित्रं होती. सयाजींनी पंख्याच्या चित्रावर बोट ठेवलं, मग हॉर्नच्या चित्रावर, आणि बोट इकडून तिकडं फिरवलं. दोन्हीकडे एकाच मापाचा रिले होता, वीज जोडणारी काळी चौकोनी डबी. हॉर्न वाजत होता म्हणजे त्याचा रिले चांगला, तो काढून पंख्याला लावायचा. रंगूबाईंनी पदरानं धरून दोन्ही उपसले आणि जागा बदलून बसवले. इंजिन निवल्यावर चावी फिरवली. थोड्या वेळानं पंखा घरघरला.

वाट मोकळी झाली तशा त्या मुक्या हॉर्नच्या गाडीतून खिडकीबाहेर "सरका, सरका" ओरडत घरी आल्या. जिन्यात सयाजींना खांद्यावर घेताना त्या म्हणाल्या, "मगाशी तुमाला तिथंच टाकून जानार होते मी."

सयाजी नुसते रडले. दोघं बराच वेळ पायरीवर बसून होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जागृतीला सयाजींपाशी बसवून रंगूबाईंनी जुईनगरच्या गॅरेजात नवा रिले बसवून घेतला. "जरा फिरवून बघा," मिस्त्री म्हणाला. त्या थेट सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत गेल्या. शेजारची सीट रिकामी होती. इंजिन चालूच ठेवून त्या खाडीकडे बघत बसल्या आणि अधूनमधून काट्याकडे. काटा चढला असता तर आणखी थोडं थांबता आलं असतं. पण तो मधोमध होता, हलायला तयार नव्हता. सयाजींच्या जेवणाची वेळ होत आली होती. त्यांनी गाडी वळवली.