वैशाखातले तुरे

वैशाखात आमच्या माळावर हिरवं म्हणावं असं काही उरत नाही. अशा दिवसांत मी बिनमातीच्या ट्रेमध्ये उगवलेला मक्याचा कोवळा चारा उचलते, तेव्हा तो मुळांसकट सतरंजीसारखा अख्खा उठून येतो. शेळ्या आधी शेंडे खुडतात. मेंढ्या मात्र थेट पांढऱ्या मुळांत तोंड घालतात.

मी पहिल्यांदा मका भिजवला, तेव्हा सासूबाई रागावल्या होत्या. "उगवलेलं धान घटाचं असतं. दसऱ्याला डोक्यात खोवायचं. ते शेरडांपुढं टाकतात व्हय?" मी ट्रेवर पाणी शिंपडत राहिले. त्या उन्हाळ्यात शेळ्या आटल्या नाहीत, करडं पोटभर प्यायली, आणि हे सासूबाईंनी रोज पाहिलं.

आज चारा घालण्याआधी त्यांनी त्यातलेच दोन तुरे खुडले आणि अंबाड्यात खोवले. मला वाटलं, देव्हाऱ्यातलं काय आणि गोठ्यातलं काय, उगवतं ते कुणीतरी न चुकता पाणी घातल्यामुळंच.

शेजारच्या काकूंनी कुडापलीकडून विचारलं, "दसऱ्याला लई अवकाश हाय की. आत्ताच तुरं कसलं?"

सासूबाई माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आमच्यात सुनेनं आणलाय दसरा."